भीमराजनं पाहिलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची असली की हिंगोलीतले लोक आधी भीमराजला गाठत. औंढा रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज. माणूस मूळचा शिरड शहापूरचा, पण उमेदीची बारा वर्षं पुण्यात एका डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपात गेलेली. ठोकलेल्या गाड्या तिथं अशा नव्या करून देत, की खुद्द मालकालाही ओळखू येऊ नये. लपवायचं काम स्वतःच्या हातांनी केलेलं, म्हणून दुसऱ्यानं लपवलेलं त्याला चटकन दिसायचं. आईच्या दुखण्यापायी तो परत आला, आणि चार-सहा वर्षांत अशी गत झाली की कोणी जुनी गाडी दारात आणली की शेजारी पहिलं हेच विचारायचा, "भीमराजनं पाहिली का?" त्या एका प्रश्नावर भीमराज मनातून फार खूश असायचा. घरी बोलून दाखवायचा नाही, पण मुलगी साक्षी ते ओळखून होती.

गोरेगावच्या दगडोबांना त्या साली हळद चांगली फळली. त्यांचा भागवत नुकताच लग्न झालेला, हौशी. त्यानं मोबाइलवर हैदराबादची एक गाडी हेरली. लाल, बुटकी, दोनच दारांची स्पोर्ट्स कार. नवी घ्यायची तर अख्खं शिवार विकावं लागलं असतं, जुनी आवाक्यात होती. दगडोबांना गाडीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी एकच अट घातली, भीमराज हो म्हणाला तरच घ्यायची.

भीमराज आणि भागवत रेल्वेनं हैदराबादला गेले. एजंटच्या आवारात गाडी चकचकीत पुसून उभी. भागवत तिच्याभोवती फिरत फोटो काढू लागला. भीमराजनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम होतं.

"हिला आत्ताच सुरू करून बंद केलीय," तो भागवतला म्हणाला. "थंड होऊ दे. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं, ते गरम झाल्यावर बोलत न्हाई."

एजंटनं तोंड वाकडं केलं, पण भीमराज तीन तास सावलीत बसून राहिला. मग गाडी सुरू करायला लावली. मागून निळसर धूर निघाला आणि पुढून साखळी घासल्यासारखा आवाज आला. मीटरवर एकवीस हजार किलोमीटर होते, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. सीटचा पट्टा त्यानं शेवटपर्यंत ओढून पाहिला. गाळाचा डाग नव्हता, म्हणजे पुरात बुडालेली नव्हती. तेवढीच एक गोष्ट बरी निघाली. पुढच्या पत्र्यावर लोहचुंबक धरलं तर दोन हातांच्या पट्ट्यात ते चिकटेना, आत नुसती पुट्टी. मग तो खाली निजला. बॅटरी लावून पुढच्या चेसीपाशी बराच वेळ पाहत राहिला. कंपनीचे जोड ठिपक्याठिपक्यांचे असतात. इथं हातानं ओढलेली वेल्डिंगची जाड रेघ होती, वरून काळा रंग फासलेला.

शेवटी त्यानं भागवतला आत बसवून चावी फिरवायला सांगितली. काचेमागचे सगळे दिवे लागले आणि विझले. एअरबॅगचा दिवा मात्र लागलाच नाही.

"लागला न्हाई म्हंजे चांगलं ना?" भागवतनं विचारलं.

"लागून विझला पायजे. हा काढूनच टाकलाय. पिशवी फुटून गेली असंल, आत काही न्हाई म्हणून दिवाच मारला." भीमराजनं हात पुसले. "भागवत, ही गाडी समोरून पार ठोकलेली हाय. पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा कापून जोडलाय. हिच्यात बसू नको. घ्यायचं तर नावच काढू नको."

एजंट हसून म्हणाला, "चाचा, ये ट्रॅक्टर नहीं है." आणि भागवतही हसला. ते हसणं भीमराजला लागलं. एजंट परका होता, त्याचं काय. पण भागवत त्याच्याबरोबर रात्रभर रेल्वेत बसून आला होता, त्याच्याच डब्यातली भाकर त्यानं खाल्ली होती.

भागवतनं गाडी घेतली. इसार त्यानं आधीच दिलेला होता, ते तेव्हा कळलं. शेजारच्या सीटवर बसून चला, असं त्यानं भीमराजला म्हणून पाहिलं. भीमराज म्हणाला, मी रेल्वेनं आलो, रेल्वेनंच जाईन.

तिसऱ्या दिवशी भागवत पेढे घेऊन गॅरेजवर आला. गाडीला हार घातलेला, पोरं भोवती गोळा. त्यानं भीमराजला आतल्या बाजूला नेलं.

"काका, बापूला तेवढं बोलू नका. हौस हाय माझी. सहा महिने चालवून विकून टाकतो."

"जोड तरी नीट करून घे. नांदेडला माझ्या वळखीचा हाय."

"घेतो, घेतो."

बाहेर येऊन सगळ्यांसमोर भीमराजनं पेढा घेतला. नंतर कितीतरी वेळा त्याला तो पेढा आठवला. त्याच दिवशी गोरेगावला जाऊन दगडोबांच्या कानावर घातलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बाप-लेकात आपण काहून पडायचं, असं त्याला वाटलं. शिवाय दगडोबा गावभर सांगत सुटले होते, भीमराजनं पाहून दिलीय. ते ऐकायला त्याला अगदीच वाईट वाटलं असं नाही. खरं-खोटं मागाहून बघू म्हणत त्यानं चार महिने काढले.

चौथा महिना सरता सरता वाशिम रोडला एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि जोड उकलला. चाक आडवं झालं, गाडी बाभळीवर गेली. भागवतला खरचटलं. शेजारी त्याची बायको पुनम होती. तिच्या समोरची पिशवी उघडलीच नाही, नव्हतीच ती. तिचा जबडा मोडला आणि पुढचे पाच दात गेले. दीड महिना ती नळीनं पातळ पीत होती.

दगडोबा गॅरेजवर आले तेव्हा तिथं सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या मागं भागवत, खाली मान घालून.

"तुझ्या शब्दावर घेतली, भीमराज," दगडोबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या सुनेचं तोंड पाहून ये एकदा. एजंटनं किती देले तुला?"

भीमराजनं सगळं सांगितलं. गरम बॉनेट, पुट्टी, वेल्डिंग, दिवा. सांगता सांगता तो भागवतकडं पाहत होता. "इचारा ह्याला. ह्याच्यासमोर बोललो मी."

दगडोबा मागं वळले. भागवतनं मान वर केली नाही.

"काका, तुमी तसं काही बोलले न्हाई," तो म्हणाला. "थोडं काम हाय, करून घे, एवढंच म्हनले."

गिऱ्हाइकं एकमेकांकडं पाहू लागली. भीमराजकडं कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि पेढे घेताना चार जणांनी पाहिलं होतं.

घरी साक्षी चिडली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्या गाडीत बसून आला नाहीत, हेच सांगा ना लोकांना. त्यानं ते एक-दोघांना सांगूनही पाहिलं. लोक ऐकून घेत, मान हलवत, आणि पुढच्या वेळी गाडी दाखवायला दुसऱ्याकडं जात. दिवाळीपर्यंत "भीमराजनं पाहिली का" हे शब्द बाजारातून गेले. नंतर कोणी म्हणालंच, तर थट्टेनं.

उन्हाळ्यात त्याला कळलं, की भागवतनं गाडी कुठूनशी पुन्हा जोडून, रंगवून घेतलीय आणि वाशिमचा एक मुन्ना नावाचा पोरगा ती घ्यायला येतोय. साक्षी नको म्हणत असतानाही भीमराज सकाळच्या जीपनं गोरेगावला गेला. दगडोबांच्या अंगणात गाडी उभी होती. मुन्ना चावी बोटाभोवती फिरवत होता. दगडोबा, भागवत बाजेवर. ओसरीच्या दारात पुनम उभी, तोंडावर पदर.

भीमराज सरळ मुन्नाकडं गेला. "पोरा, हिचा पुढचा भाग दोनदा जोडलेला हाय. खाली निजून बघ. चावी फिरव, एअरबॅगचा दिवा लागतो का बघ."

मुन्नानं त्याला नाव विचारलं. ऐकल्यावर तो भागवतकडं पाहून हसला. "अरे, मतलब ये वही है ना? तुम्हीच पास केली होती ना काका ही? आता ह्यांच्याशी वाद झाला म्हणून असं बोलायला लागलात?"

भीमराजनं दाराकडं पाहिलं. हैदराबादहून आल्या रात्रीच भागवतनं बायकोला सगळं हसत हसत सांगितलं असणार, याची त्याला खात्री होती. पुनमनंही त्याच्याकडं पाहिलं, चांगलं टक लावून पाहिलं. मग ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

मुन्ना गाडी घेऊन गेला. खाली निजून त्यानं काही पाहिलं नाही. धूळ बसल्यावर दगडोबांचा चेहरा सैल झाला. अंगावरची पीडा गेली होती.

"झालं गेलं सोड आता, भीमराज," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

तो चहा न घेताच जीपवर आला.

त्या गाडीचं पुढं वाशिमला काय झालं, ते त्यानं कोणाला विचारलं नाही. भीमराज आता ऑटोचे सायलेन्सर बदलतो, ट्रॅक्टरचे क्लच बसवतो. काम आहे, पोट भरतं. परवा कळमनुरीकडचा एक अनोळखी बाप आपल्या लेकीला घेऊन आला. तिला नोकरी लागली होती, तिच्यासाठी एक जुनी गाडी आणली होती, दुपारी व्यवहार व्हायचा होता. नजर टाकाल का, म्हणाला. गाडी दहा हातांवर उभी होती. तिथूनच भीमराजला दिसलं, की डावं दार मागाहून रंगवलंय आणि बॉनेटची फट एका बाजूला बोटभर जास्त आहे.

"मी गाड्या पाहत न्हाई," तो म्हणाला, आणि हातातला पाना घेऊन ट्रॅक्टरखाली सरकला.