फळीवरचा बिल्ला

आमचे काका कापड रंगवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. स्क्रू दिसला की पिळायचा, मग तो कपाटाचा असो की माणसाचा! कारखाना बंद पडला, नदी साफ झाली आणि सरकारनं काठाकाठानं पायवाट काढली. नाव ठेवलं ‘सहकुटुंब औद्योगिक वारसा सहल’. सोमवारी लाल आणि गुरुवारी निळी वाहणारी नदी ती. आता तिथे ‘निर्मळ जलाचे सौंदर्य अनुभवा’ अशी पाटी आहे. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी बाकडं टाकलंय. काका त्यावर मेले तरी बसत नाहीत.

वाट दाखवायला अर्थातच काकांना बोलावलं. पायवाटेचं काम बघणारे सरकारी साहेब म्हणाले, "काका, लहान मुलं असतात. अपघात वगैरे नको. सगळं कसं आनंदी ठेवा."

ते ‘वगैरे’ म्हणजे माझे बाबा, काकांचे थोरले भाऊ. वाफेच्या टाकीचं झाकण उडालं तेव्हा मी दोन वर्षांची होते. वाटेवर अकरा पाट्या आहेत. मालकाच्या घोड्यावर एक अख्खी आहे, बाबांवर एक ओळ नाही. त्या ओळीसाठी काका तीनदा साहेबांकडे अर्ज घेऊन गेले आणि तीनदा चहा पिऊन परत आले. मला तर त्या चहाचाच संताप येतो.

या वेळी मात्र काकांनी निमूट मान डोलावली. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

पहिल्या सहलीला मी पाण्याच्या बाटल्या वाहायला होते. फाटकाशी कारखान्याची खिळे ठोकलेली जुनी फळी लावली होती. भंगारात निघालेली ती फळी काकांनी इतकी वर्षं घरी सांभाळली होती. काकांनी सात मुलांना पत्र्याचे बिल्ले वाटले.

"आत जाताना आपला बिल्ला टांगायचा, बाहेर पडताना काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. आणि फळीवर एक जरी बिल्ला असला, तरी फाटक लावायचं नाही. माणूस आत असतो."

मग तीन किलोमीटर काकांनी घोड्याचं कौतुक सांगितलं. साहेब खूश!

परत आल्यावर मुलांनी आपापले बिल्ले काढले. साहेब फाटक ओढू लागले.

"थांबा! एक राहिलाय!" सगळ्यांत धाकटी ओरडली.

कोपऱ्यातल्या खिळ्यावर एक गंजका बिल्ला होता, दोनशे बारा नंबरचा. टाकीचं झाकण उडालं त्या सकाळी बाबांनी टांगलेला.

"तो शोभेचा आहे, बाळा," म्हणत साहेबांनी हात पुढे केला.

"दुसऱ्याच्याला हात नाही लावायचा!" सातही जण एकदम किंचाळले. धाकटी तर फाटकातच फतकल मारून बसली. "ते काका आत आहेत ना? आपण थांबू या."

साहेबांनी काकांकडे पाहिलं.

"मला बंदी आहे, साहेब," काका म्हणाले. "तुम्हीच सांगा."

फोटो काढणाऱ्या आईबापांचे मोबाइल खाली आले. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. मग ते धाकटीसमोर उकिडवे बसले आणि अर्जात तीनदा वाचलेलं सगळं त्यांनी सांगितलं. एक शब्द चुकला नाही. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"म्हणजे ते येणारच नाहीत?" धाकटीनं विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. फाटक त्यांनी उघडंच ठेवलं.