न सोललेलं रेडियम

कापलेलं पण न सोललेलं रेडियम कोरंच दिसतं. गाड्यांवर चिकटवायची अक्षरं मशीनच्या पात्यानं कापून ठेवलेली असतात, पण सगळं जागच्या जागी असल्यामुळं लाल कागद नुसता लाल कागदच राहतो. तिरका धरला तर उजेडात केसाएवढ्या रेषा दिसतात, तेवढंच. भोवतालचं नको असलेलं रेडियम ओढून काढलं की मग अक्षरं उरतात. मुकुंदवाडीतल्या आमच्या दुकानात दादा कापायचा आणि सोलायचं काम माझं.

दादा गेला तेव्हा फळीवर असाच एक लाल गुंडाळा राहिला होता. एका रिक्षावाल्याचं काम, मागच्या काचेसाठी ‘माँ की दुआ’. त्या दुपारी दादानं मशीन बंद केलं, कागद गुंडाळला आणि म्हणाला, “झालंय कापून. तू उद्या सोल. मला जरा पित्त झाल्यावानी व्हायलंय, घरी जातो.” संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

मला काही तो गुंडाळा सोलवेना. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. सोललं की संपलं. तोवर मला मागच्या स्टुलावर दादा बसलेला जाणवायचा. अडकित्त्यात सुपारी कातरल्याचा आवाज यायचा, आणि दुसरं काही सोलताना हात चुकला की ऐकू यायचं, “वर नको वढू गं. माघारी घडी घालत ये.” मी मोठ्यानं म्हणायची, “व्हय रे, कळतंय मला!” समोरचं गिऱ्हाईक दचकून माझ्याकडं बघायचं. बघू दे.

रिक्षावाला अधूनमधून चौकशीला यायचा. म्हटलं, नवीन कापून देते, दोन मिनिटांचं काम आहे. तो ऐकेना. “नक्को आपा. भाई के हात का हौना. आप आराम से करो.” त्याला दादाच्याच हातचं हवं होतं. माझ्याइतकाच हट्टी निघाला.

पण रेडियम आपल्यासाठी थांबत नाही. उन्हाळा लागला, पत्र्याखाली दुकान तापलं. उन्हानं गोंद मऊ पडतो, कापलेल्या फटीत उतरतो आणि फट पुन्हा चिकटते. एका दुपारी मी कागद तिरका धरला तर रेषा दिसेचनात. आणखी थांबले असते तर दादाचं काम परत कोरा कागद झालं असतं.

मग तो गुंडाळा घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवला. गारठ्यानं गोंद जरा आवरतो, हेही दादानंच शिकवलेलं. सकाळी ओट्यावर पसरला, चिमट्यानं कोपरा उचलला आणि लाल पट्टा त्याच्यावरच घडी घालत, कागदाला धरून हळूहळू मागं नेला. ‘माँ’ निघालं. चंद्रबिंदू वर यायला लागला तसा नखानं दाबून धरला. ‘की’ निघालं. अक्षरांच्या पोटातले बारके तुकडे चिमट्यानं काढून डाव्या हाताच्या पाठीवर चिकटवत होते. “दादा, बघ,” मी म्हणाले. सुपारीचा आवाज आला. मी मागं पाहिलं नाही.

‘दुआ’तला ‘आ’ मात्र कचऱ्याबरोबरच उचलला जायला लागला. मी थांबले. त्याचा काना कापलेलाच नव्हता. पातं तिथवर येऊन थांबलं होतं, पुढं साधा ओरखडाही नाही. मशीनला आणखी चार-दोन क्षण लागले असते. तेवढाही वेळ त्याला उभं राहवलं नव्हतं. ज्यानं जन्मात अर्ध्या कामाला ‘झालं’ म्हटलं नाही, त्यानं मला कळू नये म्हणून कागद गुंडाळून ठेवला होता.

“पित्त म्हणे! खोटारडा!” मी ओरडले आणि मागं वळले. मागं फ्रिज होता, दुसरं काही नव्हतं. अजून माझा राग गेलेला नाही.

अक्षर परत दाबून बसवलं. स्टीलची पट्टी लावून काना हातानं कापला. रेघ किंचित तिरकी गेली. रिक्षावाल्याला काही ती दिसली नाही. काचेवर हात फिरवून म्हणाला, “क्या सफाई थी भाई के हात में.” मी हो म्हटलं.

आता जालना रोडला सिग्नलवर कधीकधी ती रिक्षा माझ्या गाडीपुढं येऊन थांबते. लोक ‘माँ की दुआ’ वाचतात. मला त्या कान्यापाशी, दादाचं संपून माझं सुरू होतं ती जागा दिसते. तिथं तो अजून मशीनला हात टेकून उभा आहे, कागद गुंडाळतोय. दिवा हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवायला लागतात आणि मी रिक्षाच्या काचेला म्हणत असते, “दादा, घरी नको जाऊ. दवाखान्यात जाऊ, चल.”