आत्याने तपासलेले गठ्ठे

माझ्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे. अकरा गाई, दूध, शेण, धुणं, सगळं उरकूनही तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, आणि मग ती गोठ्यामागच्या शेडमध्ये जाते. तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मुरघासाचे गठ्ठे असतात. हिरवा चारा दाबून, हवा न लागू देता गुंडाळला की तो आत मुरतो आणि टंचाईत कामाला येतो. त्याच्या वाटेला जायचं नाही, एवढंच पथ्य. नेमकं तेच आत्याला जमत नाही.

गठ्ठ्यावर थाप मारून बघायची. समाधान झालं नाही की चाकूने चार बोटांची चीर पाडायची, चिमूटभर चारा काढून हुंगायची, वर चिकटपट्टी लावायची. "बघितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही," म्हणायची. सवय जुनीच, पण गेल्या वर्षापासून तिने अगदी कहर केला होता.

गेल्या वर्षी तिची लाडकी गाय ठिपकी सातव्या महिन्यात गाभडली. मेलेलं वासरू पडलं. बुरशीचा चारा पोटात गेला, असं डॉक्टर म्हणाले. गठ्ठा वर्षभर जुना होता, एवढंच आत्याने धरलं आणि घर डोक्यावर घेतलं. गठ्ठे गुंडाळून रचायचं काम काकांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं. त्यांना ती चार पाहुण्यांसमोर म्हणाली, "जुनं साठवायची हौस तुमची, आणि वासरू गेलं माझं." काका मूग गिळून बसले. पुढे वर्षभर ती हे ऐकवत राहिली. त्या कापणीचे उरलेले चार गठ्ठे नव्या गठ्ठ्यांमागे भिंतीशी दडपून पडले. गाईंना त्यातलं काडीभरही घालायचं नाही, असा आत्याचा हुकूम होता.

यंदा ठिपकी पुन्हा गाभण राहिली. नववा महिना लागला तशी मी मदतीला गेले. आत्या मिनिटामिनिटाला गोठ्यात डोकावत होती, गाईलाही टेकू देत नव्हती. त्यात हिरवा चारा संपला आणि गठ्ठे फोडायची वेळ आली.

पहिला फोडला. पट्ट्यांच्या खाली काळा पडलेला. हात घातला तर आत गरम. दुसराही तसाच. तिसऱ्यात पांढरी बुरशी. मी डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी सगळं बघितलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "ते मागचे?"

"ते दोन वर्षांचे आहेत. त्यांचं तर विष झालं असेल," आत्या म्हणाली.

"काढा तरी."

आम्ही एक ओढून काढला. प्लास्टिक धड होतं, एकही पट्टी नाही, कारण तिथे पहिल्यापासूनच आत्याचा हात पोचत नव्हता. फोडला तर थंडगार. आंबूस, चांगला वास. डॉक्टरांनी पार गाभ्यापर्यंत उकरून पाहिलं.

"कस थोडा उतरला असेल, पण गाईला बिनधास्त घाला," ते म्हणाले. "वर्षामुळे नाही हो बिघडत, हवेमुळे बिघडतं. नव्या गठ्ठ्यांना या चिरा कोणी पाडल्या? धुळीवर पट्टी धरत नाही."

आत्याने त्या गठ्ठ्यातला चारा पाटीत भरला. ठिपकीपुढे पाटी ठेवली आणि ती खात असताना नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "गेल्या वर्षीचा तो गठ्ठा मी तीनदा बघितला होता." मला तिची दया आली, आणि वर्षभर काकांनी जे ऐकून घेतलं ते आठवून रागही आला.

काका स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. आत्या दारातच थांबली.

"ते वासरू माझ्या हातून गेलं."

"माहीत आहे," काका म्हणाले. "गठ्ठा फोडला तेव्हाच पट्ट्या बघितल्या होत्या मी."

"मग सांगितलं का नाही? वर्षभर मी तुम्हाला बोलतेय."

काकांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस. तेव्हा कसं सांगणार? आणि नंतर, मला बोलून झालं की तू दोन घास खायचीस."