अजून दोन

"अजून दोन, ताई, मंग बोलते," असं म्हणत आमच्या शेजारच्या भाभी पाण्यानं भरलेले तेलाचे दोन कॅन खांद्यापासून डोक्यावर न्यायच्या. दहा झाले तरी अजून दोन. मग भिंतीला तळहात टेकून अंग पुढं-मागं. तुम्ही पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई भिंत ढकलून माझ्या स्वयंपाकघरात येते की काय!

मी तेव्हा साठीची तरुणी. अक्कल यायची होती. भिंतीवरून ओरडायचे, "काय पहिलवान, कुस्ती कुठं लागली?"

"घरातच लागली ताई."

त्यांचे मालक जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात होते. पत्र्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. खाटेवरून संडासाच्या खुर्चीवर बसवायला आधी गल्लीतली माणसं धावून यायची. पुढं चार-चार हाका माराव्या लागायला लागल्या. त्या माणसाला एवढी शरम वाटली की त्यानं पाणीच सोडलं. प्यायचं नाही, म्हणजे उठायचं नाही. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम भाभींना म्हणाल्या, आधी तुमचे खांदे-दंड तयार करा, मग त्यांना उचला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी पहिलवान म्हणत होते. अशी मी शहाणी.

कॅननंतर खडीची पिशवी आली. छातीशी कवटाळायची, उठायचं, वळायचं, ठेवायची. एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, एकटीनं बसवलं!" जाऊन पाहते तो मालक खुर्चीत, आणि तोंडाला तांब्या. गटागटा पीत होते. भाभींनी माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. त्यांना धाप लागली होती.

पुढं ती धापही थांबली. "आता तं एका दमात उठतेत," त्या सांगायच्या. मी म्हणायचे, "लोखंड झालं हो तुमच्या हातांचं!" मालकांचं बनियन खांद्यावरून घसरायला लागलं होतं, पाठीच्या जखमा भरत नव्हत्या. मला दिसत होतं. मी आपली लोखंडाचंच बोलत राहिले.

एक दिवस भाभींनी पिशवी छातीशी घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"ताई, पिशवी तं तेवढीच जड लागून राह्यली."

"मग?"

"मंग हे कसे हलके झाले?"

गल्लीत तोंडाळ म्हणून नाव माझं. त्या दिवशी मी खाली मान घालून पिशवीचं तोंड बांधत बसले.

थंडी पडायच्या आत ते गेले. सारी गल्ली जमली. कुणाला हाक मारावी लागली नाही. रिवाजाप्रमाणे आम्ही बायका दारातच थांबलो. चौघांनी जनाजा खांद्यावर घेतला, तेव्हा भाभी माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतके लोक कशाला ताई? मी एकटी उचलत होते की."

मग त्या बदनापूरला लेकीकडं गेल्या. जाताना दोन्ही कॅन माझ्या ओट्यावर ठेवले.

आता माझेच खांदे धरतात. सकाळी कॅन अर्धे भरून उचलते. सून चहा गाळता गाळता हसते, "आई, कुस्ती कुठं लागली?"

दहा होतात कसेबसे. पुढचे दोन काही होत नाहीत.