कानाने भाजलेला मसाला

मेलबर्नच्या ट्रुगानिना या उपनगरात नव्या माणसाला एखादं घर सापडणं म्हणजे दिव्यच. एकाच बिल्डरने एकाच नकाशावर बांधलेली घरं, तोच करडा गॅरेजचा दरवाजा, दारात तेच चार पानांचं सुकलेलं झाड. पण यामिनी सबनीसच्या घराला पत्ता लागत नसे. महिन्यातून एका रविवारी गाडीची काच खाली करायची आणि नाक नेईल तिकडे जायचं. गॅरेजचा दरवाजा अर्धा उघडा, आत दोन बर्नरची शेगडी, तिच्यावर लोखंडी कढई, आणि घामाघूम यामिनी गोडा मसाला भाजत असायची. घरात भाजायची सोय नव्हती. पहिल्याच वर्षी स्मोक अलार्म असा काही कोकलला होता की शेजारचे गृहस्थ पाण्याची नळी घेऊन धावत आले होते.

यामिनी मूळची चिंचवडची. बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी. चुका शोधायचा मला पगार मिळतो, घरी तेच मी फुकट करते, असं ती स्वतःच सांगे, आणि नवरा विश्राम मान डोलावे. मसाल्याची कृती कोणी विचारली की तिचं उत्तर ठरलेलं: वास आला की उतरवायचं. कुठला वास? तो कळतो. किती मिनिटांनी? ते कसं सांगणार? मराठी मंडळाची सेक्रेटरी चित्रलेखा एकदा वही आणि थर्मामीटर घेऊन आली होती. ती कोरी वही घेऊन परत गेली. आमच्यासारखे तर नुसता डबा पुढे करून मोकळे होत, कारण तो मसाला घातला की कुणाचीही आमटी आमटी व्हायची.

एवढा गुण अंगी असल्यावर माणूस नाकावर माशी बसू देत नाही. दुकानातल्या पाकिटातल्या मसाल्याला यामिनी नाक मुरडायची, हॉटेलच्या जेवणाला मुरडायची, आणि याच नाकापायी तिने तिथला एक घासही न चाखता अख्खा इटली पाहिला.

झालं असं की २०१८ साली ती आणि विश्राम मेलबर्नहून रोमला गेले आणि तिथे पुण्याहून आलेल्या एका टूरला मिळाले. टूरमध्ये यामिनीची बहीण सुचित्रा होती. टूरबरोबर आचारीही होता, आणि आपल्या लोकांना त्याचंच अप्रूप जास्त. रोममध्ये मटकीची उसळ, फ्लॉरेन्समध्ये पिठलं, व्हेनिसमध्ये चक्क श्रीखंड. हॉटेलचा वेटर पाणी ओतताना ‘बास्ता?’ असं विचारायचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पुरे. सुचित्राच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, तिला वाटलं, बातमी इथपर्यंत पोचली. तिने कौतुकाने सांगितलं की बस्ता झाला, गेल्याच महिन्यात, लक्ष्मी रोडवर. वेटरने अदबीने आणखी पाणी ओतलं.

पण व्हेनिसच्या एका गल्लीत यामिनीचे पाय थबकले. एका घराचं दार उघडं होतं आणि आत कोणीतरी लोण्यात कांदा परतत होतं. त्यात आणखी काहीतरी होतं, ते काय ते तिला ओळखता येईना. पन्नाशीला टेकलेली, शंभर मसाले कोळून प्यालेली बाई, आणि एक वास तिला ओळखता येत नव्हता. ती डोळे मिटून उभी राहिली. तेवढ्यात गाईडची छत्री वळणावर दिसेनाशी झाली आणि यामिनी धावत श्रीखंडाकडे गेली. त्याचा पस्तावा तिला पुढे कायम होत राहिला. परत जायचं, टूरशिवाय जायचं, आणि त्या गल्लीत बसून जेवायचं असं तिने ठरवलं. तिकिटं काढली ती मे २०२० ची.

पुढचं सांगायला नको. इटली राहिला बाजूला, मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आली. दोन वर्षं या कुटुंबाने तोच तलाव आणि तेच वूलवर्थ्सचं किराणा दुकान पाहिलं. आणि सगळं उघडलं, माणसं पुन्हा श्वास घेऊ लागली, तेव्हा २०२२ च्या जानेवारीत तिघांनाही कोविडने गाठलं. विश्राम दोन दिवस खोकला, पंधरा वर्षांची लेक श्रिया, तिला काहीच त्रास झाला नाही. यामिनीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. चौथ्या दिवशी तिने फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली आणि तिला वाटलं, डबी रिकामी आहे. डबी भरलेली होती. तिने ती नाकाला लावली. मग चिमूटभर हिंग जिभेवर ठेवला. मग ती ओट्याशी खाली बसली.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, वेळ लागेल. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितले. यामिनी हुंगत होती आणि चारही बाटल्यांतून तिला नुसती हवा येत होती. त्याच आठवड्यात चित्रलेखाचा फोन आला. दोन वर्षांनी पाडव्याचा कार्यक्रम हॉलमध्ये होणार, एकशे ऐंशी पानं, मसालेभात, आणि मसाला अर्थातच तुझा. यामिनी सवयीने हो म्हणून बसली. तिचं नाक गेलंय हे विश्रामशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. श्रियालाही तिने सांगितलं नव्हतं. शेवटी एक दिवस तिने दुकानातून गोड्या मसाल्याची बारा पाकिटं आणली आणि गाडीच्या डिकीत लपवली. आपल्या डब्यात ओतून द्यायची, कोणाला काय कळणार! ती पाकिटं आणल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी विश्रामने दोघींना बळंच गाडीत घातलं. इथला उन्हाळा संपत आला तरी फ्रिजवर लावलेल्या त्याच्या सहलींच्या यादीतलं एकही ठिकाण झालं नव्हतं. लांब नाही, वेरिबी साऊथ, घरापासून अर्धा तास. तिथे समुद्राला खेटून भाजीचे मळे आहेत, आणि ते बरेचसे साठ-सत्तर वर्षांपूर्वी आलेल्या इटालियन लोकांचे. रस्त्याकडेला एका टेबलावर कोबी, लेट्यूस आणि टोमॅटोच्या पेट्या होत्या. टेबलामागे काळ्या झग्यातली एक म्हातारी बसली होती. कॉन्चेत्ता तिचं नाव. आपण कॉन्चेत्ताबाई म्हणू, कारण त्यांना अरेतुरे करायची आपली छाती नाही.

टोमॅटो घेतल्यावर बाईंनी वर बेसिलची एक जुडी यामिनीच्या हातात दिली आणि वास घे म्हणून खूण केली. बेसिल म्हणजे आपल्या तुळशीची बहीण. यामिनीने जुडी नाकाशी नेली आणि लगेच म्हणाली, ‘लव्हली.’

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या, “तुला वास येत नाही.”

यामिनीला कानशिलात बसल्यासारखं झालं. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं.

“ज्याला वास येतो तो आधी डोळे मिटतो, मग बोलतो. तू आधी बोललीस.” आणि मग स्वतःच्या नाकावर बोट ठेवून, “मलाही येत नाही. चव्वेचाळीस वर्षं.”

मळ्यातल्या शिडीवरून पडल्या होत्या, डोक्याला मार लागला होता. यामिनीने तिथेच, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात रडायला सुरुवात केली. श्रिया गाडीतून उतरून धावत आली. आईचं नाक गेलंय ही गोष्ट तिला अशी एका परक्या म्हातारीच्या टेबलापाशी कळली. “Mum, why didn’t you tell me?” एवढंच ती म्हणाली. बाईंनी मात्र रडू संपेपर्यंत वाट पाहिली आणि पुढच्या शनिवारी तिघांनाही वर्षाचा टोमॅटो सॉस करायला बोलावलं. आमंत्रण कसलं, हुकूमच तो. फक्त लसीचे डोस झालेत ना, एवढं विचारलं.

तो शनिवार यामिनी जन्मात विसरणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सगळं कुटुंब लोटलं होतं. टोमॅटोचे डोंगर, ते चिरणाऱ्या बायका, दळण्याचं यंत्र, रिकाम्या बीअरच्या बाटल्या धुऊन उलट्या मांडलेल्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालतात तोच गोंधळ, फक्त लाल. श्रियाला कोणी विचारलंही नाही, सरळ यंत्राचा दांडा हातात दिला. आणि मधोमध, कमरेएवढ्या पातेल्यापाशी, कॉन्चेत्ताबाई डोळे मिटून उभ्या होत्या.

त्या ऐकत होत्या. सॉस पातळ असतो तेव्हा बुडबुडे भराभर आणि बारीक आवाजात फुटतात. आटत आला की आवाज जाड होतो, दोन बुडबुड्यांमध्ये श्वास घेण्याइतकी फट पडते. बाईंनी यामिनीला शेजारी उभं केलं, तिचा हात धरून लाकडी पळीच्या दांड्यावर ठेवला. दांड्यातून पातेल्याच्या तळाची थरथर हाताला लागत होती. यामिनी ऐकू लागली. पहिल्यांदा नुसता कालवा. मग हळूहळू, गर्दीत आपलं माणूस दिसावं तसा, एकेक बुडबुडा वेगळा ऐकू येऊ लागला. इतकी वर्षं ती कढईपाशी उभी होती आणि कढई बोलते हे तिला माहीतच नव्हतं.

“बास्ता,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्या मुलाने गॅस बंद केला.

यामिनीला एकदम हसू फुटलं, जानेवारीनंतरचं पहिलं. तिने सुचित्राचा किस्सा सांगितला, आमच्यात बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, मग त्या खरेदीत हा शब्द कोणी उच्चारत नसेल. विश्राम इतका हसला की त्याला ठसका लागला.

जेवायला पास्ता आणि त्यावर तोच सॉस. यामिनीला मीठ कळलं, आंबट कळलं, आणि शेवटी मागून आलेला जरासा गोडवा कळला. वासाच्या जागी मोठं भगदाड होतं, तरी तिने दोनदा वाढून घेतलं. गंमत म्हणजे बाईंनी व्हेनिस पाहिलंच नव्हतं. सिसिलीतल्या खेड्यातून थेट बोटीत बसून त्या इथे आल्या होत्या. यामिनीने त्यांना व्हेनिसच्या गल्ल्या सांगितल्या, ते उघडं दार सांगितलं, आणि ज्यांना वासच येत नव्हता अशा त्या दोघी लोण्यात परतलेल्या कांद्यावर अर्धा तास बोलत राहिल्या. आत काय असेल? बाई म्हणाल्या, बहुतेक खारवलेले मासे, अगदी थोडे, विरघळून गेलेले. शाकाहारी यामिनीने चार वर्षं ज्या वासासाठी उसासे टाकले तो मासळीचा होता. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

निघताना तिने मनातलं विचारलं, परत येतो का हो वास?

“माझा आला नाही. तुझं मला ठाऊक नाही.” बाईंनी सॉसच्या चार बाटल्या तिच्या पिशवीत घातल्या. “सॉस मात्र दर वर्षी झाला.”

पाडव्याच्या आदल्या रविवारी यामिनीने गॅरेजमध्ये शेगडी पेटवली. दुकानातली पाकिटं डिकीतच पडून होती. रेडिओ बंद, विश्रामला बोलायची बंदी. धणे टाकले. आधी ओलसर, मऊ सळसळ आली, मग ती कोरडी होत गेली, आणि एका क्षणी धणे कढईत खुळखुळ्यासारखे वाजले. तिने एक दाणा चिमटीत धरला, तो कुरकुरीत फुटला. उतरवले. तीळ तर जन्माचे बडबडे, तडतडून स्वतःच सांगतात. खोबऱ्याचा रंग पाहिला. लवंगा फुगल्या तशा बोटाला कळल्या. एकेक वाटी भरत गेली तशी तिची भीती ओसरत गेली. नाक नसताना हे होतंय याचं तिला इतकं आश्चर्य वाटत होतं की मधूनच ती थांबून कढईकडे पाहत राही.

मग तिने दगडफूल कढईत घातलं. दगडफुलाला आवाज नसतो. काळ्या-करड्या पापुद्र्यांचा रंग बदलला तरी दिसत नाही. दोन क्षण आधी काढलं तर मातकट, दोन क्षण उशिरा काढलं तर कडू, आणि सगळ्या मसाल्याचा जीव त्यातच. यामिनी कान देऊन उभी होती आणि कढई गप्प होती. तिने आच कमी केली, पुन्हा वाढवली.

श्रिया मघाशीच घरातलं दार उघडून पायरीवर येऊन बसली होती. हीच ती मुलगी, जी मसाल्याच्या दिवशी शाळेचा युनिफॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची, वर्गात कोणाला वास येऊ नये म्हणून. जिला आमटी आणि सांबार यांतला फरक सांगता येत नसे. यामिनीने तिला कधी कढईजवळ बोलावलं नव्हतं आणि ती कधी आली नव्हती.

“Not yet,” श्रिया म्हणाली.

यामिनीने वळून पाहिलं. श्रियाचे डोळे मिटलेले होते.

“Not yet... थांब... आई, आता. बंद कर.”

यामिनीने गॅस बंद केला, पापुद्रे ताटात ओतले. एक चिमटीत धरला, त्याचा भुगा झाला. तुला हे कोणी शिकवलं, असं तिने विचारलं.

श्रियाला प्रश्नच कळला नाही. “कोणी नाही. तू दर वेळी गॅस बंद करतेस ना, तेव्हा असाच वास येतो.”

यामिनीला रडायला आलं आणि या वेळी तिने ते लपवलं नाही. ज्या नाकासाठी ती दोन महिने झुरत होती ते या मुलीकडे होतं. पंधरा वर्षं बंद दाराच्या फटीतून, नको नको म्हणत, पोरीने तो वास शिकून घेतला होता, आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. नागकेशर अजून भाजायचं राहिलं होतं. यामिनीने पायरीवर पोरीला सरकायला सांगितलं, तिच्याजवळ बसली, आणि दगडफुलाचा वास नेमका कसा येतो ते तिला नीट विचारू लागली.