आनंद सरांची दुसरी फुंकर

आनंद वैशंपायनांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललेल्या कुणालाही हे ठाऊक असे, कारण सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. शहाडजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. मेव्हण्याच्या लग्नात कुणी ग्लास पुढे केला, तेव्हा ते न जेवता डोंबिवलीला परत आले होते. हेही ते सांगत. सुरक्षा सप्ताहात, मायकवरून.

साकेत त्यांच्या हाताखाली होता. मराठीत एम. ए. करून त्याला कारखान्याच्या भिंतींवरची घोषवाक्यं लिहायची नोकरी मिळाली होती. वर्षभर त्याला सर ऋषितुल्य वाटले.

गेटवर श्वास तपासायचं यंत्र आलं आणि सरांना जणू देव पावला. कामगार रांगेने फुंकत, भिवा सिक्युरिटीवाला आकडा वाचे, सर शेजारी उभे. कोळीवाड्यातून येणाऱ्यांवर त्यांची नजर जरा जास्त रेंगाळे.

दर्शन त्यांतलाच. फोर्कलिफ्ट चालवायचा. भावाच्या हळदीच्या दुसऱ्या सकाळी त्याच्या फुंकरीने यंत्र वाजलं. तो म्हणाला, घरी रात्रभर सगळे पीत होते, मी नव्हतो, जागरणाचा तोंडाला वास नको म्हणून आत्ताच माउथवॉशने गुळण्या केल्यात. चूळ भरतो आणि पंधरा मिनिटांनी परत फुंकतो. नियमात तशी सोय होती. सरांनी त्याला रांगेबाहेर काढलं.

"हळद होती ना घरी? मग यंत्राला कशाला दोष देतोस?"

दर्शन निलंबित झाला. तो प्यायला होता की नव्हता, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या फुंकरीने सांगितलं असतं.

महिन्याभराने वरून हुकूम आला: साहेब लोकांनीही फुंकायचं. सर ऐटीत पहिले पुढे झाले. यंत्र वाजलं.

रांगेत कुणीतरी खाकरलं. सर पांढरे पडले. मग त्यांना आठवलं. न्याहारीनंतर घ्यायचं द्राक्षासव आज घाईत राहिलं होतं, ते त्यांनी गेटबाहेर गाडीतच घेतलं होतं. आसवात मद्यार्क असतो, तसं बाटलीवर छापलेलं असतं. सर वर्षानुवर्षं ती बाटली रिचवत आले होते, वाचली कधी नव्हती. भिवाने पाणी दिलं. सरांनी चूळ भरली, खुर्चीत बसून पेपर वाचला, पुन्हा फुंकलं. यंत्र गप्प.

"बघ," ते भिवाला म्हणाले. भिवाने बघितलं. साकेतनेही.

त्याच आठवड्यात दर्शनची चौकशी होती. नोकरी राहते की जाते, ते त्या खोलीत ठरणार होतं. एचआरच्या आसावरी मॅडम, सर, दर्शन आणि टिपणं घ्यायला साकेत. साकेतला वाटलं, सर ओशाळतील. निदान खोटं तरी बोलतील. खोटं बोलणाऱ्याला थोडी तरी लाज असते.

दुसरी तपासणी का दिली नाही, असं मॅडमनी विचारलं. यंत्र वाजलं की वाजलं, शिस्तीचा प्रश्न आहे, असं सरांनी सांगितलं.

"सर, मंगळवारी तुम्ही दोनदा फुंकलंत," साकेत म्हणाला.

सर चिडले नाहीत. मंद विद्यार्थ्याला समजवावं तसं बोलले.

"अरे, माझं औषध होतं ते. आणि मी पीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. यांच्याकडे हळद होती."

मॅडमनी विचारलं, हे असंच लिहून घेऊ का. सर म्हणाले, जरूर घ्या. वर सहीही केली, वळणदार.

दर्शनला कामावर परत घेतलं गेलं. सरांच्याच जबाबावर. आपण हरलो हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुपारी कॅन्टीनमध्ये ते शेजारच्या टेबलाला सांगत होते, चौकशीत आपण एक शब्द खोटा बोललो नाही. ते अगदी खरं होतं.

साकेत ताट घेऊन दर्शनसमोर बसला. दर्शनने भातात कालवण ओतलं.

"तुझ्या सरांना आमच्याकडे घेऊन ये रे एकदा," तो म्हणाला. "आमचा म्हातारा पिऊन पडतो ना, तरी त्याला माणसं ओळखू येतात."