परवा काहून नाही आले?

मंडळी, आज सकाळी आपल्या कोष्टी मोहल्ल्यात जे झालं, ते सगळ्यांना कळायला हवं.

लढाई सुरू झाली आणि मुन्सिपालटीचे डॉक्टर फौजेत गेले. आपण निवडून दिलेले मेंबर चळवळीपायी तुरुंगात आहेत. म्हणून पटकीची साथ आल्यावर विहिरींत लाल औषध टाकायचं काम आपल्या मोहल्ला समितीने अंगावर घेतलं.

आज मोठ्या विहिरीवर गेलो, तर यमुनाबाई वाट अडवून उभ्या. त्यांची सून कालच पटकीनं गेली.

"विहिरीत काय टाकून राहिले गा? घरातली एक गेली, आता साऱ्यायलेच मारता काय?"

मी समजावत होतो, पण ऐकतो कोण? लोक जमले, धक्काबुक्की होऊ लागली. तेवढ्यात आपल्या मेंबरांच्या पत्नी सीताबाई पुढे आल्या. शेजारच्या गल्लीतल्या विहिरीत आम्ही कालच औषध टाकलं होतं. तिथलं लालसर पाणी त्यांनी लोटाभर आणलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

"विष नाही वं बाई. यानं रोग मरते."

यमुनाबाईंनी त्यांच्या हातातला रिकामा लोटा पाहिला.

"मंग परवा काहून नाही आले तुम्ही? माही सून वाचली असती."

एवढं बोलून त्या बाजूला झाल्या. आम्ही औषध टाकलं.

मंडळी, परवा औषध आलेलं होतं. समितीच्या हाकेला फक्त दोघं आले, म्हणून मोठी विहीर राहिली.

अजून चार विहिरी बाकी आहेत. उद्या सकाळी कोण कोण येणार?